ऐकलं, विचारलं, पाहिलं

"पुसायच्या आधी एकदा वाच गं, नंदा."

हा आवाज आमच्या बालवाडीच्या बाईंचा. दुपारी मुलं घरी गेली की नंदा ओलं फडकं घेऊन माझ्याकडे यायची आणि बाई पायात चपला घालता घालता दारातून तेवढं सांगायच्या. लिहिण्यात काही चुकलं असेल तर पुसण्याआधी कळावं, म्हणून. नंदा ओठ न हलवता वाचायची आणि मग वरून खाली पुसत यायची. बाई पुढे निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या. आवाज मात्र माझ्यापाशी राहिला. लाकडात मुरलेली गोष्ट लवकर निघत नाही.

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. कर्जतच्या पुढे पळसदरी नावाचं गाव आहे, तिथे नंदाच्या घराच्या ओटीवर दोन विटांवर टेकून उभा असतो. उजवा कोपरा फुगलेला आहे. खालची पट्टी एकदा उंदरांनी कुरतडली, तिथे खडू ठेवला की घरंगळतो. बाकी ठीक आहे.

खालापूरच्या एका सुताराने मला घडवलं. साधीच फळी, तिला सागाची चौकट. रंग विकतचा नव्हता. सुताराच्या बायकोने कोळशाची पूड आणि कसलासा पाला एकत्र वाटला आणि तळहाताने माझ्या अंगावर घासला. तो कोरडा झाला की पुन्हा घासला. तळहाताचा तो खरखरीत स्पर्श ही माझी पहिली आठवण. त्यानंतर माझ्या अंगावर खडू आला आणि फडकं आलं, आलटून पालटून. जे लिहिलं जाईल ते घ्यावं, पुसलं जाईल ते सोडावं, हा माझा नेम आहे. त्यामुळे मला फारसं सुखही झालं नाही आणि दुःखही नाही.

बालवाडीत माझा मान होता. मुलं मला हात लावून बघत. कुणी नवीन मूल रडायला लागलं की नंदा त्याला कडेवर घेई, माझ्यावर एक मोठं फूल काढी आणि म्हणे, "हे बघ, तुझं फूल. उद्या आलास तर पाकळ्या रंगवू." ते मूल दुसऱ्या दिवशी येई. नंदा तिथे मदतनीस होती. खाऊ शिजवणं, झाडणं, मुलांची नाकं पुसणं हे तिचं काम. पण सकाळी पहिलं अक्षर तीच काढायची. वर मध्यभागी 'श्री'. ते पुसायचं नाही, असा तिचा नियम. त्याच्याखाली जग रोज बदलायचं.

मग भिंतीवर मोठा टीव्ही आला. पांढरा चकचकीत फळा आला. मी आधी कपाटामागे गेलो, मग बाहेर पागोळीखाली. कोपरा फुगला तो तेव्हा. मला कुणी मुद्दाम टाकलं नाही, मित्रांनो. जुन्या वस्तूंचं असंच होतं. कुणीतरी म्हणतं, "तात्पुरतं इथे ठेवू," आणि ते तात्पुरतं संपत नाही.

एक दिवस नंदाने मला पाहिलं. पदराने माझ्यावरची शेवाळ पुसली आणि डोक्यावर घेऊन घरी आणलं. घरी तरी काय काम? काही वर्षं मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झालो. कोंबड्यांना लिहिता येत नाही, पण त्या ज्या खुणा करतात त्या खडूपेक्षा जास्त टिकतात.

तिथून मला बाहेर काढलं ते हर्षलाने.

हर्षला ही नंदाची सून. नंदाचा मुलगा साईराज मोहोपाड्याच्या एका कारखान्यात पाळ्या करतो. हर्षला घरून व्हिडिओ बनवते आणि मोबाईलवरून लोकांना दाखवते. उपासाचे पदार्थ, सणाची मांडणी, कुठल्या दिवशी काय करायचं, असं सगळं. तिला ही कल्पना सुचली सासूमुळेच. नंदाचा आठवडा नेमांचा असतो. सोमवारी शंकराला बेल, गुरुवारी एकवेळ जेवण, चतुर्थीला चंद्र पाहिल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. बोलणं हळू, चालणं हळू. हर्षला मोबाईल लावायची आणि नंदा तिच्या नेहमीच्या सुरात सांगायची. लोकांना तो सूर आवडला. "या आजींना ऐकलं की बरं वाटतं," असं कुणीकुणी लिहायचं. पन्नाशीतल्या नंदाला आजी म्हटल्यावर हर्षला हसायची. नंदा म्हणायची, "म्हणू दे गं, केस तर पांढरे झालेच आहेत."

मग ज्येष्ठातल्या संकष्टीला घोटाळा झाला.

हर्षलाने घाईत व्हिडिओ केला आणि शेवटी चंद्रोदयाची वेळ सांगितली. ती वेळ तिने आदल्या महिन्याच्या व्हिडिओतून उचलली होती. चंद्र काही महिनाभर आपली वाट बघत थांबत नाही. आभाळ भरलेलं, चंद्र दिसण्याची सोय नव्हती, म्हणून लोकांनी ऐकलेल्या वेळेवर विश्वास ठेवला. खोपोलीच्या एका बाईंनी खाली लिहिलं, "ताई, तुमच्यावर विसंबून मी आधीच जेवले. माझा उपास मोडला हो." रागावल्या नव्हत्या त्या. रागावल्या असत्या तर बरं, असं हर्षला नंतर म्हणाली.

चेहरा नंदाचा होता, म्हणून लोकांनी नंदालाच विचारलं. कर्जतच्या बाजारात एक जण म्हणाला, "काकी, तुमचा चंद्र लवकर उगवतो वाटतं!" नंदा पिशवी घेऊन निघाली. घरी आली, हातपाय धुतले, देवापुढे बसली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा उपास धरला. तो तिच्या कुठल्याच नेमात नव्हता.

"आज कसला उपास, आई?" हर्षलाने विचारलं.

"त्या खोपोलीच्या बाईंचा," नंदा म्हणाली. "त्यांचा राहिला ना."

त्यानंतर नंदा मोबाईलसमोर बसायची थांबली. रागाने नाही. "मला जमत नाही गं," एवढंच म्हणाली. हर्षलाने व्हिडिओ काढून टाकला, माफी मागितली, आणि मग एकटीने दोन-तीन केले. ते कोरडे वाटत. तिला स्वतःलाच तसं वाटे. सासूने पुन्हा समोर बसावं हीच तिची इच्छा होती आणि ते मागायचा आपला हक्क गेला, हेही तिला कळत होतं.

आषाढ सरत आला तेव्हा ती खुराड्यापाशी आली, कोंबड्यांना हुसकलं आणि मला उचलून ओटीवर आणलं. राखेने घासून धुतलं.

"हे काय गं?" नंदाने विचारलं.

"आई, भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी करायची आहे व्हिडिओत. तुम्ही समोर बसाल की नाही ते आज विचारत नाही. पण यावेळी आधी सगळं शोधायचं, विचारायचं, लिहायचं. मग मोबाईल काढायचा. तसा मी शब्द देते."

नंदाने माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली, खडूचा तुकडा घेऊन आली आणि वर मध्यभागी 'श्री' काढलं.

मित्रांनो, पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस होते. पडद्यावर तुम्ही जे काही पाहता ते आधी कुठेतरी असं कागदावर, भिंतीवर, नाहीतर माझ्यासारख्या फळ्यावर घडलेलं असतं. निदान घडायला हवं. हर्षलाने माझ्या डाव्या बाजूला लोकांचे प्रश्न लिहिले. मागच्या वर्षी दुसऱ्यांच्या व्हिडिओंखाली लोकांनी काय काय विचारलं होतं ते शोधून काढलं. भाजीत हळद चालते का? सुरण नसेल तर? शहरात परसू नसेल तर? उजव्या बाजूला तिने चौकोन आखले.

"ही घरं कसली?" नंदाने विचारलं.

"एकेका घरात एकेक चित्र दिसणार. या पहिल्यात अळूचं पान, त्यावर पाणी. मग हात. मग टोपली."

"आणि माणूस?"

"माणूस शेवटी," हर्षला म्हणाली आणि शेवटचं घर रिकामं ठेवलं.

उजेडाचाही विचार झाला. ओटीवर सकाळी पागोळ्यांमुळे अंधार, दहानंतर बरं. आवाजाचाही झाला. पळसदरीला घाटाकडे निघालेल्या मालगाड्या अशा काही भोंगा देतात की बोलणारा स्वतःचं वाक्य विसरतो. हर्षला ओटीवर बसून कान देऊन गाड्यांचा अंदाज घ्यायची. एक अडचण नंदाने काढली. व्हिडिओ लोकांना आधी दिसायला हवा, म्हणजे तो त्याही आधी करायला हवा. पण पंचमीची भाजी पंचमीच्या आधी शिजवायची कशी?

"थोडीशी, नुसती दाखवायला?" हर्षला चाचरत म्हणाली.

"दाखवायला देव नसतो गं," नंदा म्हणाली. "मळ्यातून आणणं दाखव, निवडणं दाखव. चूल त्या दिवशी ज्याने त्याने आपली पेटवावी."

हर्षलाने चुलीचं घर पुसलं. पुसण्याआधी वाचलं. मला बाई आठवल्या.

मधोमध मोठी जागा होती. तिथे हर्षलाने दोन रकाने पाडले, 'ऐकलं' आणि 'विचारलं'. ऐकीव गोष्ट व्हिडिओत बोलायची नाही, विचारून खात्री झालेलीच बोलायची, असं तिने ठरवलं होतं. नंदाने खडू घेतला आणि शेजारी तिसरा रकाना काढला. 'पाहिलं.'

"चंद्र विचारून चालत नाही," ती म्हणाली. "बघावा लागतो."

त्या दिवशी प्रथमच दोघी एकदम हसल्या.

आता या भाजीची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगर लागलेल्या जमिनीतलं काही नको. माणसाने हाताने खणून, हाताने लावून जे पिकवलं तेवढंच. ऋषी तसं खायचे, म्हणून. नंदा हे व्रत लग्न होऊन आली तेव्हापासून करते. तिच्या भाजीतला अळू घरामागे मोरीच्या पाण्यावर आपोआप येतो. माठ शेजारच्या रजियाच्या परसातला. भेंडी, काकडी, पडवळ आणि मक्याची कणसं येतात सहदेवच्या माळावरून. पूर्वी सहदेवची आई अंबाबाई ती आणून द्यायची. गावाच्या वर चढणीवर तिचा तुकडा होता. तो ती कुदळीने खणायची, एकटी, पाठ वाकेपर्यंत. अंबाबाई वारली. टोपली मात्र दर वर्षी येतच राहिली, सहदेव आणून द्यायचा.

हर्षलाने एकेक भाजी माझ्यावर लिहिली आणि एकेकीची चौकशी सुरू केली. अळूपुढे तिन्ही रकान्यांत खूण झाली. माठासाठी रजिया स्वतः ओटीवर येऊन बसली.

"अगं नंदा, इतकी वर्षं माझा माठ खातेस आणि आज पोलीसचौकशी?"

"मी नाही, हिने चालवलंय," नंदा म्हणाली.

"बघ गं सूनबाई." रजियाने दोन्ही तळवे हर्षलाच्या नाकासमोर धरले. "हे घट्टे. आमच्याकडे बैल कुठला, नवरा पण हात लावत नाय त्या वाफ्याला. लिही, पाहिलं."

हर्षलाने लिहिलं. रजियाने चहा घेतला आणि जाताना बजावलं, "नाव लिही माझं. नुसतं शेजारीण म्हणू नको."

माळावरच्या भाज्यांपुढे नुसती 'ऐकलं'ची खूण होती. नंदा म्हणाली, "ते काय विचारायचं? अंबाबाईचं आहे ते."

"आई, तिसरा रकाना तुमचाच."

"बरं, विचार. खूण केल्याशिवाय तुला चैन पडायची नाही."

पुढच्या सोमवारी नंदा शंकराच्या देवळात गेली होती. साईराज रात्रपाळी करून आलेला, ओटीवरच आडवा पडला होता. सहदेव रस्त्याने खाली चालला होता, त्याला हर्षलाने हाक मारली. सहदेव मोठा मोकळा माणूस. इरलं बाहेर टांगून तो पायरीवर बसला.

"दादा, तुमच्या माळावर यायचंय मला, मोबाईल घेऊन. तुम्ही कुदळीनं खणता ना, ते दाखवायचं आहे. अगदी पहिलंच चित्र ते."

सहदेव हसला. "कुदळीनं? वयनी, मी काय म्हातारा झालोय का येडा झालोय? कुदळीनं कोन खनतो आता?"

"मग?"

"बैल हाय की माझा! जोडी हाय. गावात आता माझीच तेवढी ऱ्हायली. सगल्यांनी इकले बैल, मशीनी आनल्या. माझ्या माळावर मशीन चढंना. दोनदा आनली, दोनदा गडगडली. मंग काय करनार? आय होती तवर तिनं खनलं. तिच्या मागारी दुसऱ्याच वर्षी जोडी घेतली मी." मग जरा मान वर करून म्हणाला, "त्यांचाच काढा ना इडिओ. असे बैल नाय मिळायचे तुमाला. शिंगं रंगवून देतो."

हर्षलाने चहाचा कप त्याच्या हातात दिला. सहदेवला काही कळलं नाही. आई भाजी द्यायची म्हणून तो देत होता. कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने पिकवलं कसं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. चहा पिऊन, "काकीला सांगा काकड्या धरल्यात," असं म्हणून तो गेला.

हर्षला माझ्यासमोर उभी राहिली. काकडी, पडवळ, भेंडी, मका. पुढे 'ऐकलं' या रकान्यात खुणा. 'विचारलं' रिकामा. 'पाहिलं' रिकामा.

साईराज उठून बसला होता. "ऐक माझं," तो म्हणाला. "आईला सांगू नको."

"काय?"

"अगं, किती वर्षं झाली. श्रद्धेनं खाल्लं तिनं, संपलं. आता सांगून काय मिळणार? मागचं मोडणार आणि पुढचं पण. तुझा व्हिडिओ पण जाईल. भाजी यंदा दुसरीकडून आणू, तिला कळणार कसं?"

"आणि सहदेवदादा टोपली घेऊन आले की?"

"त्याला मी बघतो."

हर्षला माझ्याकडेच बघत होती. तिच्या एका हातात खडू होता, दुसऱ्यात ओलं फडकं. मित्रांनो, त्या क्षणी ती माझ्यावर काहीही लिहू शकली असती. मी ते घेतलं असतं. खरं-खोटं मला वेगळं लागत नाही, दोन्हींना खडू तोच असतो. ओळी पुसून टाकल्या असत्या तर मी त्याही सोडल्या असत्या. फळ्याकडून कुणी साक्षीची अपेक्षा धरू नये.

"तिला वाईट वाटेल गं," साईराज पुन्हा म्हणाला. यावेळी आवाज लहान होता.

"वाटेल," हर्षला म्हणाली. "मलाच वाटतंय. पण मी शब्द दिलाय. आणि त्या खोपोलीच्या बाईंना वाटलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं ना?"

तेवढ्यात नंदा आली. हातात तांब्या, पदरावर पावसाचे थेंब. तुळशीला पाणी घालून ओटीवर चढली आणि दोघांकडे पाहून थबकली.

"काय झालं? भांडलात का?"

हर्षलाने खडू माझ्या पट्टीवर ठेवला. तो घरंगळला आणि पडला. तिने उचलला नाही. "आई, बसा," ती म्हणाली आणि सहदेव जे बोलला ते सगळं सांगितलं. बैलजोडीचं, मशीन गडगडल्याचं, शिंगं रंगवून देण्याचं. काही गाळलं नाही आणि काही मऊही केलं नाही.

नंदा पाटावर बसून ऐकत होती. तांब्या तिने मांडीवर धरला होता.

"अंबाबाईच्या मागे लगेच?" तिने विचारलं.

"दुसऱ्याच वर्षी, असं म्हणाले."

एक मालगाडी घाटाला लागली, भोंगा देऊन गेली. नंदाने पदराने डोळे टिपले, आणि मग तिच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू होतं ते. लहानसं.

"म्हणजे बघ," ती म्हणाली, "सगळ्या गावाने बैल विकले. बाजारातली कुठलीही काकडी आणली असती तरी तिला बैलाचा पाय लागला नसता. आणि मी दर वर्षी नेमकी त्या एका जोडीच्या घामाची खात आले. निवडून."

साईराजला हसावं की नाही कळेना. "आई, तुला माहीत नव्हतं ना. तुझी काय चूक?"

"हे व्रतच नकळत झालेल्या चुकांचं आहे, बाबा," नंदा म्हणाली. "कळून झालेल्यांचं वेगळं असतं. ते जड असतं." तिने हर्षलाकडे पाहिलं. "तुम्ही आज गप्प बसला असता तर ते झालं असतं."

साईराजने मान खाली घातली.

"मग यंदा बाजारातून आणायची?" हर्षलाने विचारलं. "मशीनवरची? नियमात बसते."

"बसते," नंदा म्हणाली. "बसते खरी." ती थोडा वेळ विचार करत राहिली. "पण बैलाचे कष्ट वाचवायचे म्हणजे आपले करायचे, असं आहे ना ते? अंबाबाई तसं करायची. मी नुसती टोपली घ्यायचे. मी कधी कुदळ धरली नाही, हे आत्ता लक्षात येतंय. घरामागे आंब्याखालची जागा सोडून एक वाफा होईल. माठ येईल पंचमीपर्यंत. भेंडी आली तर आली."

"मी खणते," हर्षला म्हणाली.

"तुझ्याने होईल?"

"होईल तेवढं."

"मग एक कबूल कर." नंदाचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "नंतरचं काय ते दाखव. वाफा दाखव, कोंब दाखव, माझी चूक पण सांग लोकांना, मी समोर बसून सांगते. पण पहिली कुदळ पडते ती कुणाला दाखवायची नाही. पहिलं जे असतं ते देवाचं. त्याचं चित्र नको."

हर्षलाला क्षणभर पुढचं सगळं ऐकू गेलं नव्हतं. 'मी समोर बसून सांगते' एवढंच गेलं होतं. मग तिने मान हलवली. "कबूल."

संध्याकाळी सहदेव पुन्हा आला. साईराजने त्याला रस्त्यात सांगितलं असावं. पायरीवर न बसता उभाच राहिला. "काकी, मला ठावंच नव्हतं वो. आय म्हनायची, नंदाला दे, म्हनून मी देत ऱ्हायलो. आदी बोलला असता तर..."

"तुझी काय चूक रे, सहदेवा," नंदा म्हणाली. "विचारलं कुणी तुला?"

"तरी पन." त्याने खांद्यावरून एक कुदळ उतरवून ओटीच्या कडेला टेकवली. दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला, पातं झिजून आखूड झालेलं. "आयची हाय. माझ्याकडं नुसती पडली होती. तुमी वापरा." मग जाता जाता वळून हर्षलाला म्हणाला, "आनि माझ्या बैलांचा इडिओ?"

"पोळ्याला काढू, दादा. त्यांच्या सणाला."

"शिंगं रंगवून ठेवतो," तो म्हणाला आणि खूश होऊन गेला.

तो गेल्यावर नंदा माझ्यापाशी आली. फडकं पिळलं. वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं, ओठ न हलवता. चार भाज्या, त्यांच्यापुढच्या एकट्या खुणा, अळूच्या पानाचं चौकोनी घर, लोकांचे प्रश्न. मग 'श्री' सोडून सगळं पुसलं. ओला फळा कोरडा होईपर्यंत फार काळा दिसतो, मित्रांनो. नव्यासारखा.

हर्षलाने नवे चौकोन आखले. वाफा. बी. कोंब. पान. शेवटच्या घरात तिने नाव लिहिलं, 'आई'. लोकांच्या प्रश्नांतला एकच प्रश्न पुन्हा वर घेतला, शहरात परसू नसेल तर काय, आणि त्यापुढे लिहिलं, 'विचारायचं'. वाफ्याच्याही आधीचं पहिलं घर तिने आखलं आणि रिकामं सोडलं.

तुमच्यासाठी माझी एक विनंती आहे, फार मोठी नाही. तुम्हीही उद्या व्हिडिओ कराल, काहीतरी सांगाल. ऐकणारं माणूस लांब असतं, तुम्हाला दिसत नाही, पण ते तुमच्या शब्दावर जेवतं किंवा उपाशी राहतं. म्हणून आधी एखादा फळा शोधा. नवा नको, खुराड्यामागे, माळ्यावर कुठेतरी असेल. तो पुसून घ्या. त्याच्यावर लिहा, खोडा, पुन्हा विचारून या. आम्हाला कंटाळा येत नाही. आणि पाऊस लागेल असं आम्हाला बाहेर ठेवू नका, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. नंदा आत देवाची भांडी घासत होती. रजियाने कागदाच्या पुडीत माठाचं बी आणून दिलं आणि काही न बोलता खांबाच्या खुंटीला अडकवून गेली. तिला बोलल्याशिवाय जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

हर्षला ओटीवर आली. मोबाईल तिच्या तिपायी स्टँडवर लावलेला होता, तोंड माझ्याकडे. तिने तो सवयीने हातात घेतला, काच पदराने पुसली. घरामागे उजेड छान पडला असणार, तिने तिकडे पाहिलं. मग मोबाईल पाटावर ठेवला, पालथा.

कडेला टेकवलेली अंबाबाईची कुदळ तिने उचलली. दांडा हातात नीट बसेना, तिने दोनदा पकड बदलली. खुंटीवरची पुडी कनवटीला लावली, पदर खोचला, आणि ओल्या पायऱ्या उतरून घरामागे चालू लागली.